उजवीकडची खुर्ची

प्रवासाच्या आदल्या रात्री आम्ही दोघं वजनकाट्यावर उभे राहतो. आधी तो, मग मी, मग दोन्ही बॅगा, शेवटी कॅमेऱ्याची पिशवी. आकडे मी कागदावर उतरवते. एखाद-दोन किलो लपवायची सोय नाही. मागे एकदा मी बूट काढून काट्यावर उभी राहिले तर नवरा म्हणाला, "उद्या अनवाणी येणार आहेस का?"

आमचं विमान आहे सेसना 172, 1978 सालचं. आमचं म्हणजे चार भागीदारांचं, त्यातला एक हिस्सा आमचा. "स्वतःचं विमान" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कातडी सोफे आणि हवाईसुंदरी येते. प्रत्यक्षात ही पंख लावलेली एक जुनी मोटार आहे. आतली रुंदी जेमतेम एक मीटर, त्यामुळे त्याचा उजवा खांदा आणि माझा डावा खांदा पूर्ण प्रवासभर एकमेकांना टेकलेले. एक इंजिन, 160 अश्वशक्तीचं. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. सगळं धरून 1,043 किलोच्या वर वजन घेऊन उडायचं नाही, आणि टाक्या भरल्या की त्यातले जवळपास 110 किलो इंधनच खातं. खुर्च्या चार आहेत, पण चार धडधाकट माणसं, भरलेल्या टाक्या आणि सामान हे तिन्ही एकदम जमत नाही. शिवाय नुसतं वजन बसून भागत नाही, ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं. म्हणून ती आदल्या रात्रीची बेरीज.

याच जातीच्या विमानातून दोन माणसं 64 दिवस सलग उडत राहिली होती. 4 डिसेंबर 1958 ला लास व्हेगासहून निघाली आणि 7 फेब्रुवारी 1959 ला उतरली. खाली रस्त्यावरून ट्रक धावायचा, त्यातून नळी वर ओढून घ्यायची आणि उडता उडता टाकी भरायची. ते विमान आजही लास व्हेगासच्या विमानतळावर टांगलेलं आहे. आम्ही त्याच्याखाली उभे होतो तेव्हा दोघांच्याही मनात एकच विचार होता, तो मी इथे लिहीत नाही. आमचं तिसऱ्या तासाला बिनसतं.

आम्ही निघतो पहाटे. एक तर सकाळचं ऊन तिरपं असतं आणि जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. दुपारच्या उभ्या उन्हात तीच जमीन सपाट, पिठासारखी दिसते. दुसरं म्हणजे दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि विमान खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं चालतं. निघण्याआधी तो टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून थोडं इंधन काचेच्या नळीत काढतो आणि उजेडाकडे धरतो. ते फिकट निळं असतं. पाणी शिरलं असेल तर तळाला बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. मला तो क्षण आवडतो. अंधार पुरता गेलेला नसतो, आणि एक माणूस निळ्या थेंबाकडे देवाच्या तीर्थाकडे बघावं तसा बघत असतो.

या विमानाचे पंख डोक्यावर आहेत. बघायला निघालेल्यांसाठी याहून मोठी सोय नाही, कारण खाली बघताना आड काही येत नाही. आणि आमच्या विमानात माझ्या बाजूची खिडकी उघडते. कडी काढली की वारा तिला वर उचलून पंखाला चिकटवून ठेवतो. मग काच नाही, ओरखडे नाहीत, प्रतिबिंब नाही. हातातला कॅमेरा आणि खाली अमेरिकेचा नैऋत्य भाग: यूटा, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको. इथे झाडं कमी, त्यामुळे जमिनीला लपायला जागाच नाही. तिची हाडं दिसतात.

रस्त्यावरून जाताना नदी पूल येईपर्यंतच भेटते. वरून ती अख्खी दिसते, सवयींसकट. सॅन हुआन नदीची 'गूझनेक्स' म्हणतात ती वळणं पहिल्यांदा बघितली तेव्हा मी कॅमेरा मांडीवर ठेवून दिला होता. सरळ रेषेत अडीच किलोमीटरसुद्धा नसलेलं अंतर कापायला नदी जवळजवळ दहा किलोमीटर फिरते, तीही तीनशे मीटर खोल खडकातून. ती वळणं मुळात सपाट मैदानातल्या आळशी नदीची. मग जमीन हळूहळू वर उचलली गेली, आणि नदीने वळण न सोडता तिथेच खोल खणायला घेतलं. कॅन्यनलँड्समध्ये ग्रीन आणि कोलोरॅडो नद्या मिळतात तिथे तर बऱ्याचदा दोन पाण्यांचे रंग वेगळे असतात आणि संगमाच्या पुढेही काही अंतर ती शेजारी शेजारी चालत राहतात. एकमेकांत मिसळायची घाई नाही.

ग्रँड कॅन्यनबद्दल मात्र माझं मत लोकांना पटत नाही. आमच्यासारख्या छोट्या विमानातून ते बघणं मला थोडं फिकंच वाटलं. दोष त्या दरीचा नाही. 30 जून 1956 रोजी तिच्या आकाशात दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली आणि 128 माणसं गेली. त्या दोन्ही विमानांच्या वैमानिकांनी एकमेकांना बघून टाळायचं, अशीच तेव्हाची रीत होती. अमेरिकेतली हवाई वाहतुकीची आजची व्यवस्था उभी राहण्यामागे तो अपघात मोठं कारण ठरला. पुढे 1986 मध्ये पर्यटकांना फिरवणारं एक विमान आणि एक हेलिकॉप्टर तिथेच धडकले, 25 जण गेले, आणि त्यानंतर दरीवरचं आकाश नियमांनी आखून टाकलं गेलं. आता आमच्यासारख्यांनी ठरलेल्या पट्ट्यांमधूनच दरी ओलांडायची: उत्तरेकडे जाताना 11,500 किंवा 13,500 फूट, दक्षिणेकडे येताना 10,500 किंवा 12,500. दक्षिण काठ साधारण 7,000 फुटांवर आहे, म्हणजे आपण काठाच्याही हजारो फूट वर. तिथून ती दरी भव्य दिसते, पण नकाशासारखी. आणि खरं सांगायचं तर मी त्या दहा मिनिटांत दरी बघतच नाही. मी दुसरी विमानं शोधत असते.

कारण उजवीकडच्या खुर्चीचं ते काम आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की डावीकडचा चालवतो आणि उजवीकडची बघते. सुरुवातीला मीही तसंच समजत होते. नंतर कामं वाढत गेली. आकाशात ठिपका दिसला की घड्याळाच्या भाषेत सांगायचं: "दहा वाजता, वर, एक." पुढच्या विमानतळाशी रेडिओवर बोलायची कंपनसंख्या काढून ठेवायची. चेकलिस्ट मोठ्याने वाचायची. इंधनाची टाकी बदलली ती वेळ लिहायची. आणि उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी अजिबात बोलायचं नाही, अगदी खाली हरणांचा कळप दिसला तरी. हेडसेटमधून माणसाचा आवाज कानात नाही, डोक्याच्या मध्यभागी ऐकू येतो. त्याचा श्वाससुद्धा. अशा अवस्थेत भांडता येत नाही, स्वतःशीच भांडल्यासारखं वाटतं. आम्ही ती भांडणं जपून खाली आणतो आणि विमान दोरांनी बांधल्यावर करतो.

या खुर्चीला पूर्वजा आहेत. अ‍ॅन मॉरो लिंडबर्ग ही त्यातली पहिली, माझ्या लेखी तरी. मे 1929 मध्ये तिचं चार्ल्स लिंडबर्गशी लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात त्या दोघांनी नैऋत्य अमेरिकेतल्या प्राचीन वस्त्यांचे हवाई फोटो काढले. चाको कॅन्यन, कॅन्यन द शे. जगाला नवरा माहीत होता, अटलांटिक एकट्याने ओलांडणारा. पण 1931 साली ती दोघं कॅनडा, अलास्का, जपान करत चीनला गेली तेव्हा मागच्या खुर्चीत बसून मोर्सच्या खटक्यांवर जगाशी बोलत होती ती अ‍ॅन. तोवर तिने स्वतः ग्लायडर आणि विमान दोन्हींचे परवाने मिळवले होते. 1934 मध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने तिला हबर्ड पदक दिलं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

आम्ही चाकोवरून गेलो तेव्हा खिडकीतून प्वेब्लो बोनीतो दिसलं. दोरी लावून ठेवलेल्या धनुष्यासारखा आकार, आणि आत गोल गोल खड्डे, तिथल्या प्राचीन लोकांच्या किवांचे, म्हणजे धार्मिक विधींच्या खोल्यांचे. जमिनीवरून या भिंतींच्या मधून चालताना धनुष्य लक्षात येत नाही, फक्त भिंती लक्षात येतात. मला वाटलं, अ‍ॅनने हेच बघितलं असणार. मग वाटलं, ती बहुधा कॅमेऱ्याच्या काचा बदलत असेल आणि तिला बघायला वेळच मिळाला नसेल.

दुसरं जोडपं मार्टिन आणि ओसा जॉन्सनचं. 1930 च्या दशकात या दोघांनी दोन उभयचर विमानं आफ्रिकेला नेली. एकावर झेब्र्याचे पट्टे रंगवलेले, दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके. त्यातून त्यांनी तिथली पर्वतशिखरं आणि प्राण्यांचे कळप चित्रित केले. इतकं सगळं करून मार्टिनला मरण आलं ते 1937 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रवासी विमानाच्या अपघातात, तिकीट काढून बसलेला असताना. ओसा जखमी होऊन वाचली. छोट्या विमानाची भीती घालणाऱ्या नातेवाइकांना मी ही गोष्ट सांगत असे. मग एकदा नवरा म्हणाला, "यातून काहीच सिद्ध होत नाही." ते खरंय. तेव्हापासून सांगत नाही.

भीतीचं बोलायचं तर ती मला होती आणि आहे. फक्त तिचा पत्ता बदलला. आधी ती इंजिन बंद पडण्याची होती. आता मला भीती वाटते ती पोचण्याच्या हट्टाची. हॉटेल ठरलेलं असतं, तिकडे कुणी वाट बघत असतं, अर्ध्याहून जास्त अंतर कापलेलं असतं, आणि समोर ढग खाली उतरलेले असतात. माणूस मनात म्हणतो, एवढा एक डोंगर गेला की झालं. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांना ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत उडवून बघितलं होतं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ, 178 सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. क्षितिज दिसेनासं झालं की कानातलं तोल सांभाळणारं यंत्र बिनधास्त खोटं सांगू लागतं. विमान तिरपं होऊन वळत खाली जात असतं आणि शरीर सांगतं, सगळं सरळ आहे.

म्हणून आमच्यात एक शब्द ठरलेला आहे: "परत." दोघांपैकी कुणीही म्हणायचं. म्हटलं की विमान वळतं. का, हे हवेत विचारायचं नाही.

डोंगरातून उडायची रीतसुद्धा सगळी परत फिरण्याच्या हिशोबाने बांधलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. दरीतून जाताना मधोमध जायचं नाही, एका कड्याला धरून जायचं, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. डोंगरधार ओलांडताना तिला सरळ भिडायचं नाही, 45 अंशात तिरपं जायचं, म्हणजे वारा खाली दाबू लागला तर थोड्याशा वळणात उताराकडे निसटता येतं.

मी पहिल्यांदा "परत" म्हटलं ते डेथ व्हॅलीच्या वाटेवर. पुढच्या खिंडीत ढगांचा तळ आणि डोंगराचा माथा यांच्यामध्ये उजेडाची एक फट होती. फट बऱ्यापैकी होती. त्याने कदाचित काढलं असतं विमान त्यातून. पण ती फट मघापेक्षा अरुंद झालीय असं मला वाटलं, आणि वाटलं तेव्हा तोंडातून शब्द गेला होता. त्याने एक क्षणही घेतला नाही. डावा पंख खाली गेला, माझ्या खिडकीत नुसतं आकाश आलं, आणि मग मागचं मोकळं, उन्हातलं वाळवंट समोर आलं.

आम्ही एका लहानशा, निर्मनुष्य धावपट्टीवर उतरलो. तिथे काही सुंदर वगैरे नव्हतं. एक खोली, एक सोफा, भिंतीवर पिवळा पडलेला नकाशा, आणि वैमानिकांना गावात जायला म्हणून ठेवलेली एक खटारा मोटार, किल्लीसकट. इथल्या पुष्कळ छोट्या विमानतळांवर अशी मोटार असते; वापरा, थोडं पेट्रोल भरून परत आणून ठेवा. आम्ही ती वापरली नाही. वाऱ्याने पत्रा वाजत होता. तो सोफ्यावर झोपला. मी फोनवर हवामानाच्या नोंदी बघत बसले आणि मला दिसलं की आम्ही वळल्यानंतर तासाभरात खिंडीवरचे ढग विरून गेले होते. त्याने हे माझ्याआधी बघितलं असणार, कारण झोपण्याआधी तोही फोन बघत होता. त्याने मला सांगितलं नाही. मीही त्याला सांगितलं नाही. आजतागायत.

उलट उदाहरणही देते, नाहीतर शहाणपणा सगळा माझ्याच नावावर जमा व्हायचा. सेडोनाचा विमानतळ लाल डोंगरांच्या मधल्या एका सपाट माथ्यावर आहे, 4,830 फुटांवर. चारही बाजूंना उतार तुटलेला, म्हणून लोक त्याला गमतीने विमानवाहू नौका म्हणतात. एका जूनमध्ये दुपारी तिथून निघायची घाई मला झाली होती. पारा 35 वर. त्याने कागदावर हिशोब मांडला: अशा उष्णतेत तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण 8,400 फुटांवर आहोत असं वाटतं. समुद्रसपाटीला मिनिटाला 770 फूट चढणारं विमान तिथे त्याच्या निम्म्यावर येतं, आणि समोर लाल कडे. "निघता येईल," तो म्हणाला, "पण मी नाही निघणार." मी दिवसभर फुगून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात विमान हलक्या पायांनी वर आलं, माथ्याची कड संपली आणि जमीन एकदम पायाखालून काढून घेतल्यासारखी खाली गेली. मी तेव्हाही कबूल केलं नाही.

त्याच सकाळी पुढे ढगांचा एक पातळ थर लागला, आमच्या खाली, आणि त्यावर आमच्या विमानाची सावली पडली. सावलीभोवती रंगीत वर्तुळ: इंद्रवज्र. त्यातली गंमत अशी की त्या वर्तुळाचा मध्य विमानावर नसतो, बघणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर असतो. मोठ्या विमानात शेपटीजवळ बसलेल्याला ते शेपटीच्या सावलीभोवती दिसतं, पुढच्याला नाकाभोवती. म्हणजे त्याचं वर्तुळ वेगळं आणि माझं वेगळं. पण आमच्या खांद्यांत अंतरच इतकं कमी की कुठलं कुणाचं ते सांगता येईना. तो म्हणाला, "फोटो काढ." काढला. त्यात अर्थातच माझं आलं.

मी विमान चालवायला शिकले ते हौसेने नाही. एप्रिल 2012 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एका 80 वर्षांच्या बाईचा नवरा उडत्या विमानात, चालवता चालवता गेला. तिला जुजबी माहिती होती. दुसरा एक वैमानिक शेजारून विमान उडवत तिला सूचना देत राहिला, एक इंजिन इंधनाअभावी बंद पडलं, आणि तिने ते दोन इंजिनांचं विमान खाली उतरवलं. ती बातमी वाचल्यावर मी काही दिवस उजवीकडच्या खुर्चीत नुसती त्याच्या श्वासाकडे कान लावून बसायची. मग प्रशिक्षकाकडे नाव नोंदवलं. वैमानिकांच्या सोबत्यांसाठी असे छोटे अभ्यासक्रम असतात: रेडिओवर बोलणं, विमान सरळ ठेवणं, आणि कसंबसं उतरवणं. सुंदर उतरणं त्यात येत नाही. वेग फार कमी झाला की पंखातून एक पिपाणी वाजते, खरोखरची पिपाणी, हवेच्या ओढीने वाजणारी. प्रशिक्षकाने ती मला इतक्यांदा ऐकवली की ती स्वप्नात यायची.

त्यानंतर माझं बघणं बदललं, आणि सगळं काही चांगल्यासाठी नाही. आधी मी नदी बघायची. आता नदीशेजारचा सपाट भाग बघते, तिथे उतरता येईल का म्हणून. कुरणात कुंपण आहे का, विजेच्या तारा कुठल्या बाजूने गेल्यात, वारा कुठून आहे. फोटो कमी झाले. नवऱ्याला याची खंत आहे. त्याला पूर्वीचे फोटो आवडायचे.

विमानाचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे देताना तीनदा बोलायचं असतं, म्हणजे दोघंही चालवतायत किंवा दोघंही चालवत नाहीत असं होत नाही. इंग्रजीत त्याची ठरलेली वाक्यं आहेत. आम्ही मराठीत म्हणतो. "विमान तुझं." "माझं." "तुझं." आणि शेवटचा शब्द ऐकल्याशिवाय कुणी हात सोडायचा नाही.

डेथ व्हॅलीला आम्ही दुसऱ्या खेपेला पोचलो, नोव्हेंबरात. खिंड स्वच्छ होती. फर्नेस क्रीकची धावपट्टी समुद्रसपाटीच्या 210 फूट खाली आहे. उत्तर अमेरिकेत याहून खाली विमानतळ नाही. मिठाचं पांढरं मैदान डाव्या हाताला उजळत होतं. विमान माझ्याकडे होतं. पुढचं उतरणं तो करणार, हे ठरलेलं. मी उंचीमापकाकडे बघत होते: चारशे, तीनशे, दोनशे, शंभर. त्याचे हात मांडीवर होते. काटा शून्यावर आला. उपकरणाच्या मते आम्ही आता जमिनीवर असायला हवे होतो, आणि खिडकीत जमीन अजून दोनशे फूट खाली होती.

"विमान तुझं," मी म्हणाले.

"माझं."

"तुझं."

काटा शून्याच्या मागे सरकू लागला.